टोकावड्याच्या गोदामातली कॅसेट

२२ एप्रिल १९९८, बुधवार

रॉनी आला होता. कल्याणहून, मुरबाडला गाडी बदलून, भर दुपारी. त्याला बघून माझा भाऊ सि. अगदी पूर्वीसारखा हसला. रॉनी म्हणजे सिदूचा ड्रमवाला. ऑर्केस्ट्रात दोघं एकत्र वाजवायचे, एकत्र प्यायचे. आता म्हणतो, मीपण सोडली. म्हणायला काय जातं.

दोघांना कॅसेट काढायचीय. सि.ची स्वतःची गाणी, मराठीतली, इलेक्ट्रिक गिटारवर, ते ब्लूज म्हणतात त्या ढंगात. व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून आल्यापासून कोपऱ्यात बसून घोळवत होता ते हेच. मला वाटायचं, मनातलं काढतोय, काढू दे. कॅसेटचं कुठं डोक्यात होतं!

रेकॉर्डिंग कल्याणला. स्टुडिओच्या खाली बार आहे. हे रॉनीनंच सांगितलं, वर हसला.

चहात साखर टाकायची विसरले. दोघांनी मुकाट तसाच प्यायला.

२३ एप्रिल

झोप नाही. चौथीचे पेपर तपासताना एकाच पोराचा पेपर दोनदा तपासला. दोन्ही वेळा मार्क वेगळे.

सि. संध्याकाळी शेतमोटारींची कामं आटपून आला. दारातच वाकून नेहमीसारखा 'हा' केला. केंद्रातून आला त्या दिवशी त्यानंच सुरू केलं हे. "ताय, रोज वास घे माझ्या तोंडाचा. मी विसरलो तरी तू नको इसरू." एवढा बाप्या माणूस, मिशी आहे, आणि बहिणीपुढं तोंड उघडून उभा राहतो. पहिले काही दिवस मला रडू यायचं. आता सवय झाली. बिडी, कांदा, कधी शेंगदाणे. बस. नाक हेच माझं मशीन.

दुसरी खूण त्याला माहीत नाही. प्यायलेला असला की गिटार सुरात लावायचा नाही, काढली की तशीच झोडायचा. हल्ली किती वेळ खुंट्या पिळत बसतो. आई वैतागते, "वाजव की रे मेल्या, किती कान पिळशील तिचं." मला मात्र ते ट्यांव-ट्यांव ऐकलं की घास गोड लागतो.

२६ एप्रिल, रवि.

भांडण. मी म्हटलं, कल्याणला जायचं नाही. तो म्हणाला, "मंग इथं बसून काय करू, मोटारी गुंडाळू? हात रिकामा रायला की मला भीती वाटते गो."

मी म्हटलं, मला तुझ्या हाताची नाही, तोंडाची भीती वाटते.

बोलायला नको होतं. आई चुलीपुढं होती. बाबांचं नाव कुणीच घेतलं नाही, पण तिघांच्याही मनात तेच. बाबा पेटीवर बसले की आख्खी गायन पार्टी गप्प व्हायची. आणि गेले कसे, तर पिऊन पिऊन, पोट फुगून, पिवळे पडून. सि. तेव्हा नववीत. त्याची बोटं बाबांची आहेत. बाकीचं काय काय बाबांचं आहे, देव जाणे. देव मानत नाही आम्ही, तरी तोंडात येतं.

२८ एप्रिल

मार्ग सुचला. घोलपशेठचं गोदाम! रस्त्यापासून आत, भिंती विटांच्या, वर पत्रा. या दिवसांत निम्मं रिकामं. शेठचा नातू माझ्या वर्गात, नाही म्हणणार नाहीत. रॉनीकडं चुलतभावाचं चार ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन आहे, ते इथंच आणायचं. आजूबाजूला बार नाही. सुट्टी लागली की मी दिवसभर दारात.

सि.ला सांगितलं. आधी गुरगुरला, मग हळूच, "तिथं गुंज चांगली येत असंल." म्हणजे हो.

आज पोटभर जेवले.

२ मे, शनि.

गोदाम झाडलं. रॉनीनं मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी भिंतीभिंतीला आपटत फिरून आली. तो म्हणाला, "बहोत गुंजता है, टीचर. भिंतींना काहीतरी लावायला पायजे. गाद्या नायतर पोती."

मी लगेच शेठकडं. शेठ, पोती लावून द्या भिंतीला. रिकामी नकोत, भरलेली. शेठ म्हणाले, "बाई, लावतो की, मला तरी कुठं ठेवायचीत." हमालांनी दुपारपर्यंत चारी बाजूंनी थप्प्या लावल्या. मी उभी राहून लावून घेतल्या, अंतर बघून, शाळेचं स्नेहसंमेलन असल्यासारखी. भात असेल म्हणून समजले. विचारायचं सुचलंच नाही.

संध्याकाळी दार उघडलं तर तो गोडसर, जड वास. एका पोत्याची शिवण उसवून बघितली. मोहाची फुलं. सगळी पोती मोहाची! दोन महिने डोंगरातल्या बायांनी वेचून, वाळवून शेठला घातलेली.

कल्याणच्या बारपासून वाचवलं आणि दारूच्या कच्च्या मालात नेऊन बसवलं. आगीतून फुफाट्यात. तेही माझ्या हातानं.

३ मे

शेठना म्हटलं, बदला. शेठ म्हणाले, हमाल आता लग्नांत गेले, पंधरवड्याशिवाय नाय मिळायचे.

सि.ला म्हटलं, आपण थांबू. त्यानं उत्तर न देता गिटार लावली, अ‍ॅम्प्लिफायर चालू केला, एकच सूर वाजवला आणि तार ओढून धरली. सूर कुठं आपटला नाही की फुटला नाही, जवळ येऊन थांबला. रॉनीच्या तोंडातून शिवी निघाली, कौतुकाची.

"ऐकलंस? असा आवाज कल्याणात पैसे टाकून मिळायचा नाय."

"आणि वास?"

"येतो ना. मलापण भीती वाटते. वाटती तवर बरं हाय."

माझं काही बरं नाही. पण पोती राहिली.

६ मे, बुध.

रेकॉर्डिंग चालू. सकाळी लवकर आणि चारनंतर, मधे वीज नसते. मी दाराशी स्टुलावर. माझ्या डोक्यावर वाशाला एक माइक टांगलाय, रॉनी म्हणतो 'खोलीचा आवाज' घ्यायला. त्यामुळे मला शिंकायचीही बंदी.

पहिलं गाणं 'पाचवं शील'. कॅसेटचंही तेच नाव ठेवायचं म्हणतो. विहारात पंचशील म्हणताना चार शीलं खणखणीत निघतात आणि पाचव्याला, ते दारू न पिण्याचं, तिथं आवाज बसतो, असं गाणं. दोन ओळी लिहून ठेवते:

चार पायऱ्या चढलो, पाचवीवर बसलो
बाप तिथंच बसला होता, सरकून घे म्हणालो

'सरकून घे' ला गिटार जे काही रडते! मी पदर तोंडात धरला. माइक वर होता ना.

रडू एकीकडं आणि भीती एकीकडं. असं गायचं म्हणजे रोज त्या पायरीवर जाऊन बसायचं. उठता नाही आलं तर?

८ मे

उकाडा. पत्रा असा तापतो की मशीन मधेच दमतं, टेप हळू फिरते. रॉनीनं उपाय काढला, पत्र्यावर पाणी मारायचं. विहिरीवरून बादल्या. दोघं शिडीवर चढून पाणी ओततात, खाली थंड होतं, मशीन नीट चालतं. रॉनी ओला चिंब, वरून ओरडतो, "टीचर, एसी रूम!" हसले मी. बऱ्याच दिवसांनी.

११ मे, पौर्णिमा

विहारात गेलो तिघं. सि. मागं, खांबाला टेकून. मी पुढं बायकांत. पाचव्या शीलाला कान मागं लावले. म्हणाला. हळू, पण म्हणाला.

नंतर विहारात वंदना घेणारे जाधवदादा म्हणाले, "बाई, ऐकलं ते खरं हाय का? शीलावर गिटार वाजिवतोय म्हने तुमचा सिद्धार्थ. आनि बसलाय मोहाच्या गोदामात." सगळ्या बायका बघायला लागल्या. मी म्हटलं, दादा, चिखलातच कमळ उगवतं असं तुम्हीच सांगता ना. बोलून गेले. लोकांना कळलंय. आता घसरला तर सगळ्यांसमोर घसरेल.

आईनं खीर केली होती. सि.नं दोनदा घेतली.

१४ मे, गुरु.

संध्याकाळी सि. आला, दारात वाकला, 'हा' केला.

आला वास. आंबूस, गोड.

मी नीट उभी राहिले. म्हटलं, परत कर. केला. तोच. मग त्याचा शर्ट हुंगला, त्यालाही तोच. केस, गिटारचं कव्हर, पट्टा, सगळ्याला. स्वतःचा पदर हुंगला. माझ्याही पदराला!

"काय झालं ताय?"

काही नाही म्हटलं. आत जाऊन उशीला नाक लावलं, तिथंही. आता तोंडाचा कुठला आणि कपड्याचा कुठला, मला ओळखताच येत नाही. माझं मशीन बंद पडलं.

आई पानं वाढताना एवढंच म्हणाली, "पोरगा वास मारतो गो." ताटाकडं बघत होती.

१५ मे

सकाळीच गोदामात. रॉनी यायचा होता. उत्तरेच्या थप्पीतली वरची पोती ओली! पत्र्याच्या खिळ्यांच्या भोकांतून पाणी ठिबकत होतं एवढे दिवस. आम्हीच ओतलेलं. हात घातला तर आत गरम. फुलं फुगून आंबलेली.

ठाकरवाडीची जनी हिरडा विकायला शेठकडं आली होती, तिला आत बोलावून दाखवलं. तिनं चिमूटभर नाकाशी नेलं. "बाय, ह्ये तं उतलं. आता ह्याची दारूच व्हनार, दुसरं काय नाय."

रॉनी आला, हसत सुटला. "घर का बार!" त्याच्यावर मी अशी ओरडले की जनी बाहेर गेली.

सि. हसला नाही. ओल्या पोत्यावर तळवा ठेवून उभा होता, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. मी बघतेय कळल्यावर हात काढला. बोटं ओली होती. पँटला पुसली.

पुसायच्या आधी तोंडात घातली का, ते मी पाहिलं नाही. त्याच क्षणी मी रॉनीकडं वळले होते.

१६ मे

शेठ चिडले. बरोबरच आहे त्यांचं. ओली पोती उचलतो म्हणाले, सोमवारी. रॉनी म्हणतो, एकच गाणं उरलंय, पोती हलली तर आवाज बदलेल, आधीच्या गाण्यांशी जुळणार नाही, सोमवारी सकाळी घेऊन टाकू. सि. म्हणाला, "राहू दे दोन दिस."

'राहू दे' म्हणताना पोत्यांकडं बघितलं की माझ्याकडं, तेवढंही आता मी लक्षात ठेवायला लागलेय. असं कुणाला राखत जगणं वाईट. राखणाऱ्यालाही आणि ज्याला राखायचं त्यालाही.

१७ मे, रवि.

गोदामाला कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला. सि.नं बघितलं. आईनं त्याच्या डोक्याला तेल लावलं, लहानपणी लावायची तसं.

दुसरी किल्ली शेठकडं असते. सि.ला ते माहीत आहे.

१८ मे, सोम.

शेवटचं गाणं झालं.

कसं लिहू. शब्द नाहीतच त्यात, नुसती गिटार आणि रॉनीचा सावकाश ठेका. सि. डोळे मिटून. आधी विहिरीवरच्या रहाटासारखं कुरकुरत वर आलं, मग एकदम मोकळं झालं. बाबा पेटीवर रंगात आले की असंच व्हायचं, सगळं अंग गाण्यात. आणि सि. स्वतः कधी असा वाजवायचा? पूर्वी. पिऊन. केंद्रातून आल्यावर चांगला वाजवतो, जपून, मोजून. असं नाही. आज जपणं नव्हतंच.

मला आनंद व्हायला हवा होता. इतकं चांगलं कसं वाजवलं यानं?

आणि सकाळी गिटार लावली होती का? मी शेठशी बोलत होते बाहेर, ऐकलंच नाही.

शेवटचा सूर विरत होता. उठून जवळ जायचं, कानात विचारायचं, इतकंही सुचलं नाही. स्टुलावर बसल्या बसल्या तोंडातून निघून गेलं, "सिदू, घेतलीस का रे?"

रॉनीच्या काठ्या तशाच हवेत.

सि.नं डोळे उघडले. गिटार गळ्यातच. चालत माझ्यापर्यंत आला, वाकला, आणि 'हा' केला. लांब. आख्खी छाती रिकामी होईपर्यंत.

मोहाचा वास. त्याचा की खोलीचा, कळलं नाही. नाही कळलं.

२० मे

बोलत नाही. जेवतो, मोटारी बघतो, येतो. दारातून सरळ आत. 'हा' नाही.

पोती गेली. गोदाम धुतलं मी. कपडे आईनं राखेच्या पाण्यात उकळले. वास नाकात बसलाय की खरंच आहे, तेही कळेना.

२२ मे

शेवटी मीच म्हटलं, सिदू, वास घेऊ दे ना. म्हणाला, "घेऊन काय करशील, ताय? तुला कळनार नाय. आनि मी नाय म्हटलं तर तू मानशील?"

मानेन म्हणाले. खोटं बोलले. त्यालाही कळलं.

२९ मे, शुक्र.

सि. आणि रॉनी उल्हासनगरला गेले, कॅसेटच्या प्रती काढायला. मुक्काम रॉनीकडं. आई ओट्यावर बसून आहे. गाडी गेली त्या दिशेला बघतेय, परतीच्या गाडीला अजून दोन दिवस.

३० मे

सि.चा फोन, नाक्यावरच्या बूथवर, पोरगं बोलवायला आलं. पळत गेले. मागं खूप गलका. "काम चालू हाय. बरा हाय मी." शब्द नीट होते. जास्तच नीट. जिभेला जपून बोलणारा माणूस कसा बोलतो ते बाबांमुळं मला पाठ आहे. की लाइनच खराब होती.

दुधानं पोळलेली आहे मी, ताकच काय, पाणीही फुंकून पिते.

७ जून, रवि.

कॅसेट आली. निळं कव्हर, वर गोदामाचं दार, 'पाचवं शील'. आईनं आधी डोळ्यांना लावली, मग विचारलं, ह्यात तुझा फोटो का नाय रे.

शेजारपाजार गोळा झाला. जाधवदादाही, मागं उभे. 'सरकून घे' ला त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्यांचा थोरला मुलगा बाबांसारखाच गेला होता.

शेवटचं गाणं. सूर विरला. मी कॅसेट काढायला उठले आणि टेपमधून माझा आवाज.

"सिदू, घेतलीस का रे?"

मग पावलं. मग एक लांब श्वास. संपलं. नुसती खरखर.

माइक माझ्या डोक्यावर होता. टेप चालू होती. हे सगळं ठेवलंय त्यानं! आता घाटापासून कल्याणपर्यंत कुणीही ऐकेल. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सगळे गेल्यावर त्याच्यावर तुटून पडले. का ठेवलंस? मला जगात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.

तो म्हणाला, "रॉनी काप म्हनाला. मी नाय कापलं. तू इचारायची थांबलीस ना, तं मंग मी गेलो, ताय. तेवढं ऱ्हाऊ दे."

आणि उत्तर? उत्तर का नाही दिलंस, विचारलं.

"दिलं की. त्यात हाय."

त्या श्वासाला वास नसतो रे, टेपवर.

१५ जून

शाळा सुरू. नव्या पोरांची नावं. मधल्या सुट्टीत दोन मुलं कोपऱ्यात, एक विचारतो, घेतलीस का रे, दुसरा तोंड फाडून 'हा' करतो. हसत होती. रागवायला गेले आणि तशीच परत फिरले.

१९ जून

ओतूरहून बोलावणं. घाटापलीकडं कुणाच्या तरी हॉलच्या उद्घाटनाला, पहिला जाहीर कार्यक्रम. रॉनी कल्याणहून परस्पर तिथं येणार. रात्री तिथंच राहायचं, आयोजक सगळी सोय करतात म्हणे. सगळी म्हणजे काय काय, ते मला माहीत आहे.

जाऊ नको म्हणाले नाही. डबा दिला. दारातून निघताना तो क्षणभर थांबला. वाकेल असं वाटलं. चपलेचा पट्टा नीट केला आणि गेला.

२१ जून, रवि.

काल यायचा होता. आला नाही, फोन नाही.

आज दुपारी स्टँडवर जाऊन उभी राहिले. धुकं आणि भुरभुर. चहावाल्यानं नेमकी तीच कॅसेट लावलेली. घाटाकडून गाडी आली आणि सि. उतरला, पाठीला गिटार, डोळे लाल. जागरण असेल. गार हवा असेल. आमच्यात दोन हातांचं अंतर, आणि टपरीत शेवटचं गाणं संपत आलेलं. दोघंही हललो नाही. टपरीतल्या माणसांनी आमच्याकडं बघितलं. माझा आवाज आला. मग त्याचा श्वास.

मी स्वतः तोंड उघडून विचारलं नाही. वासही घेतला नाही. पिशवी घेतली त्याच्या हातातली, तर म्हणाला, "जड नाय गो." शब्द नीट होते का? एवढ्यावरून काय कळणार.

आता घरी. आई तांदूळ निवडतेय. मी स्वयंपाकघरात, पाटावर, हे लिहितेय. तो आतल्या खोलीत गेलाय, दार लोटलंय. कव्हरची चेन उघडल्याचं ऐकलं. म्हणजे गिटार काढली.

अजून काही नाही. तारा लावेल, की तसाच सुरू करेल?

आत्ता करकर झाली. खुंटीची असेल. नाही, आईनं सूप सरकवलं.

लिहिणं थांबवते. पेनचासुद्धा आवाज होतोय.